तेलाच्या खोलीतल्या कुरडया

नीलांबरीकाकूंच्या घरी उन्हाळा तळघरातून यायचा.

वर जर्मनीचा मे महिना. कधी ऊन, कधी पाऊस, कधी सकाळी सकाळी हातमोजे. त्याच्यावर विसंबून राहणं काकूंनी केव्हाच सोडलं होतं. जिना उतरून खाली गेलं की बॉयलरची खोली लागायची. तिथे बाराही महिने बार्शीचा चैत्र.

भिंतीला टेकून एक निळा, अवजड, लोखंडी बॉयलर बसलेला. घर बांधलं तेव्हापासून तो तिथेच. शेजारच्या खोलीत, लोखंडी दाराआड, तेलाच्या मोठ्या टाक्या. बॉयलर त्या तेलावर चालायचा. हिवाळ्यात घर तापवायचा, उन्हाळ्यात आंघोळीचं पाणी. आणि सगळं करून वर थोडी ऊब स्वतःच्या अंगातून सांडत राहायचा.

"याला नुकसान म्हणतात, नीला," हेमचंद्रकाका म्हणायचे. ते टर्बाइनचे इंजिनियर. न्युरेम्बर्गमधल्या एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. सांडलेली ऊब त्यांना सांडलेल्या दुधासारखी दिसायची. "तेल जाळून आपण तळघर तापवतोय."

"तळघर नाही. माझ्या कुरडया," काकू म्हणायच्या.

हा संवाद वर्षानुवर्षं चालला होता. त्यात शब्दही बदलत नसत.

काकू बार्शीच्या. रसायनशास्त्रात बी.एस्सी. लग्न होऊन आल्या त्या थेट एर्लांगेनजवळच्या या गावात. पहिल्या वर्षी त्यांनी हौसेनं गहू भिजत घातले. ते कुटले, चीक काढला, शिजवला आणि मागच्या बागेत चादर पसरून कुरडया घातल्या. दुपारी पाऊस आला. दुसऱ्या वर्षी धुकं आलं. तिसऱ्या वर्षी ऊन होतं, पण शेजारच्या फ्राऊ व्यॉल्फेलनी बघितलं आणि पक्ष्यांसाठी काही ठेवलंय असं समजून वर सूर्यफुलाच्या बिया टाकल्या. चौथ्या वर्षी काकू कुरडयांची चादर उचलून तळघरात गेल्या. कपडे वाळत घालायचे घोडे उघडले, त्यांवर जुन्या सुती साड्या ताणून बांधल्या. खाली चुरा पडू नये म्हणून वर्तमानपत्रं पसरली. चार दिवसांनी कुरडया खणखणीत वाळल्या होत्या.

त्या दिवशी आपण या देशात राहू शकतो, असं काकूंना पहिल्यांदा वाटलं. हे त्या सांगायच्या तेव्हा हसून सांगायच्या. पण सांगायच्या.

मग तो रिवाजच झाला. मे महिन्यातल्या एका शनिवारी एर्लांगेन आणि न्युरेम्बर्गच्या मराठी बायका बसनं, सायकलनं काकूंकडे यायच्या. कुणी सोऱ्या आणायची, कुणी मिरच्या. चीक शिजला की नाही हे मात्र फक्त काकू ठरवायच्या. पातेल्यावर वाकायच्या, एकदा वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उतरवा." त्यांच्या नाकाची कीर्ती होती. गावातल्या औषधांच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं काम केलं होतं. बाटलीचं लेबल निघून गेलं तरी आत काय आहे ते त्या सांगायच्या. दूध उद्या नासणार हे त्यांना आज कळायचं. "माझं नाक आहे तोवर या घराला कसली भीती नाही," त्या म्हणायच्या. घरात कुणी त्यावर वाद घालत नसे.

तेलाचा कारभारही काकूंचाच. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवतात, तसं त्या जूनमध्ये वर्षाचं तेल भरायच्या. थंडीत सगळ्यांनाच तेल लागतं आणि भाव चढतो, तेव्हा कुणी साठा भरतं का? एकट्यानं मागवण्यापेक्षा गल्लीनं मिळून मागवलं तर टँकर एकदाच येतो. हेही त्यांनीच सुरू केलं. गल्लीतली सगळी घरं काकूंना फोन करायची, काकू तेलवाल्याला. टँकर आला की त्या फाटकात उभ्या. फ्राऊ व्यॉल्फेलच्या घराकडे जायला रस्ता अरुंद, टँकर वळायचा नाही. म्हणून त्यांच्यासाठीचा जाड काळा पाइप काकूंच्या बागेतून, गुलाबांच्या ओळीमधून जायचा. बार्शीची मुलगी फ्रँकन भागातल्या एका गल्लीचा हिवाळा भरून देत होती. आणि यात काही विशेष आहे असं तिला वाटत नव्हतं.

त्या वर्षी वसंतात गल्लीच्या तोंडाशी एक खोदाईचं यंत्र येऊन उभं राहिलं.

गॅसची पाइपलाइन येणार होती. चर खणत खणत ते यंत्र एकेका फाटकाशी पोहोचणार. ज्याला गॅस हवा त्यानं चर आपल्या फाटकाशी असेपर्यंत सही करायची. चर बुजला, वर डांबर पडलं, की मग पुन्हा रस्ता फोडायला कुणी तयार नाही.

काकांना किती आनंद झाला! इतका आनंद त्यांनी निवृत्तीच्या समारंभातही दाखवला नव्हता.

"गॅसचा बॉयलर भिंतीवर टांगतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाएवढा," ते म्हणाले. "काजळी नाही, टाकी नाही, टँकर नाही. धुरातली उष्णतासुद्धा तो वापरून घेतो. बाहेरून हात लावला तर थंड."

"थंड?" काकूंनी विचारलं.

"थंडगार. एवढीसुद्धा ऊब वाया जात नाही."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. एवढं एकच वाक्य त्यांनी ऐकलं होतं. बॉयलर थंड तर खोली थंड. थंड तळघरात कुरडई वाळत नाही. तिला बुरशी येते. बाकीचे सगळे मुद्दे त्यानंतरचे.

पण काकू बी.एस्सी. होत्या. कुरडईसाठी नको, असं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी शास्त्राचा आधार घेतला.

"अहो, एक लिटर तेल आणि एक घनमीटर गॅस, दोघांतून ऊब साधारण सारखीच निघते. बरोबर?"

"गेनाऊ," काका म्हणाले. खूश झाले की त्यांना जर्मन सुचायचं.

"मग फरक उरला कशाचा? तेल माझ्या घरात आहे. गॅस दुसऱ्याच्या नळात. त्यानं तोटी फिरवली की आपण गार."

"जर्मनीत कोण तोटी फिरवतंय, नीला?"

"आमच्या आईकडे दोन सिलिंडर होते. एक शेगडीला, एक भरलेला कोपऱ्यात. कोपऱ्यातला रिकामा असेल तर तिला झोप लागायची नाही. पाहुणे आले आणि सिलिंडर संपला, ही गोष्ट आमच्या घरात कधी घडली नाही. साठा म्हणजे साठा."

"आल्झो, म्हणजे तू अख्ख्या हिवाळ्याचा सिलिंडर तळघरात ठेवून झोपतेस."

"झोपते. आणि छान झोपते. तेलात काडी टाकली तरी भडकत नाही. गॅसचं तसं आहे का? गॅसला स्वतःचा वासही नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वास घालतात. उसना वास! तेल कसं, काही झालं तर स्वतः सांगतं. वास येतो. आणि वास मला येतो."

त्यांच्याजवळ आकडे होते, पण काकूंजवळ नाक होतं.

हॅम्बर्गहून नीनाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. "मामा, निम डॉख गास," ती म्हणाली. आई, घेऊन टाक ना गॅस.

"तू ये आणि कुरडया घाल बागेत," काकू म्हणाल्या. फोनवर दोन्ही बाजूंनी हसू आलं. निर्णय तिथेच राहिला. यंत्र मात्र पुढे सरकत होतं.

कुरडयांचा शनिवार नेहमीसारखा झाला. त्यात त्या वर्षी एक नवी मुलगी होती. स्वरूपा. तिचा नवरा प्रणव न्युरेम्बर्गमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत होता. ती पुण्याहून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तिनं सोऱ्या कधी हातात धरला नव्हता. काकूंनी तिचा हात धरून गोल फिरवला. "घाबरू नकोस. तुटली तर तुटली. तळल्यावर कुणाला कळतंय?" पहिली कुरडई भूगोलाच्या नकाशासारखी आली. तिसरी गोल आली. स्वरूपा नंतर दर आठवड्याला यायला लागली.

जून संपता संपता यंत्र फ्राऊ व्यॉल्फेलच्या फाटकाशी आलं. त्यांनी त्याच्याकडे बघून हात हलवला. पुढे जा. त्या ऐंशीच्या पुढच्या होत्या आणि तेल सोडायचं नाही एवढं त्यांचं ठरलं होतं. काकूंना हायसं वाटलं. आता आपण दोघी.

त्याच आठवड्यात काकांनी गॅस कंपनीच्या माणसाला चहाला बोलावलं. हेर लिंडनर. तरुण, नम्र, बूट दाराबाहेर काढून आलेला. काकूंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. स्वरूपाही तिथेच होती.

"फ्राऊ सुलाखे, तुमच्या मनात काही शंका असतील तर..." तो म्हणाला.

शंका? काकूंनी त्याला अर्धा तास सोडलं नाही. पाइप गोठला तर? वीज गेली तर? वीज गेली की दोन्ही बंद, हे त्यानं कबूल केलं. धूर? गॅसचा कमी, हे काकूंनी कबूल केलं. पूर आला तर? इथे त्यानं डोकं वर काढलं. नदी गावापासून लांब नव्हती. पुरात टाक्या तरंगतात, उलटतात आणि एका घरचं तेल दहा घरांच्या जमिनीत जातं, असं तो म्हणाला. काकूंनी त्याचा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "आमचं घर चढावर आहे." काका खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना आपल्या बायकोचा अभिमान वाटत होता आणि गॅस हातातून जाताना दिसत होता.

जिंकल्यावर माणसानं पाहुण्याला खायला घालावं. काकूंनी कढई ठेवली. डब्यातून यंदाच्या कुरडया काढल्या. तेलात सोडली की कुरडई क्षणात फुलते, पांढरी होते. हेर लिंडनरच्या तोंडून "ओ!" निघालं.

त्यानं एक तुकडा खाल्ला. जरा वेळ चघळला. "इंटरेसांट," तो म्हणाला. आणि दुसरा तुकडा बशीच्या कडेला ठेवला.

काकांनी दोन खाल्ल्या. स्वरूपानं एक घास घेतला आणि ती थांबली. तोंडातला घास गिळावा की नाही ते तिला कळेना.

काकूंना सगळं दिसायचं.

"काय गं? मीठ जास्त झालं?"

"नाही काकू. छान आहे."

"छान असती तर एव्हाना दुसरी उचलली असतीस. बोल."

"काकू... जरा वेगळाच वास येतोय."

"वेगळा म्हणजे? एम.ए. मराठी ना तू? मग वेगळा म्हणजे काय ते नीट सांग."

स्वरूपा लाल झाली. मग तिनं नीट सांगितलं. "पेट्रोल पंपावर उतरल्यासारखा."

हेर लिंडनरला मराठी येत नव्हतं, पण तो बशीकडे बघत बसला. काकूंनी कच्ची कुरडई उचलली. नाकाशी धरली. वास घेतला. पुन्हा घेतला.

गव्हाचा वास. जिऱ्याचा. बाकी काही नाही.

"अहो, तुम्हाला येतोय?"

काकांनीही वास घेतला. "मला नाही."

"हेर लिंडनर, तुम्हाला?"

त्या बिचाऱ्यानं काकांकडे बघितलं, मग काकूंकडे. "थोडासा," तो म्हणाला. "मला वाटलं, तो त्यातला मसाला आहे."

दोन परक्यांना येत होता. दोन घरच्यांना येत नव्हता. काकू रसायनशास्त्र शिकल्या होत्या. याचा अर्थ त्यांना कळायला वेळ लागला नाही. फक्त तो त्यांना मान्य नव्हता.

त्यांनी गॅस बंद... नाही, शेगडी विजेची होती. त्यांनी शेगडी बंद केली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी जाऊन येते."

"कुठे?" काकांनी विचारलं.

"बाहेर. तुम्ही बसा सगळे. आणि तळघरात दिवासुद्धा लावू नका."

सायकल काढून त्या निघाल्या. खोदाईच्या यंत्राला वळसा घालून, शेतांमधून, नदीच्या बाजूनं. ओलं गवत. पुढे कुठल्याशा बेकरीचा पाव. नंतर गाईंचा गोठा. त्यांनी सगळे वास एकेक करून घेतले. अंगात भिनलेलं घर बाहेर काढायचं होतं. नदीकाठच्या बाकावर त्या बऱ्याच वेळ बसून राहिल्या. आपल्याला आपल्या घराचा वास किती वर्षांत आला नाही, याचा त्यांनी विचार केला. कुणालाच येत नाही. म्हणून तर पाहुणे लागतात.

मग त्या परतल्या. सायकल फाटकाशी लावली. स्वतःच्या दारात, पायपुसण्यावर, पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या. दार उघडलं.

वास आला.

जिऱ्याच्या, उदबत्तीच्या, काकांच्या पाइपच्या तंबाखूच्या मागे तो उभा होता. गोडसर, जड, तेलकट. जिन्यातून वर येत होता, जसा काही तोच घरचा आणि त्याच उशिरा आलेल्या.

काकूंनी दाराचं हॅन्डल सोडलं नाही. नंतर स्वरूपा सांगायची की काकूंचा चेहरा तिनं असा कधीच पाहिला नव्हता. भीती नव्हती त्यावर. एखाद्या मोठ्या माणसानं आपलं खोटं पकडावं तसं काहीतरी होतं.

"वास आहे," काकू म्हणाल्या. "स्वरूपा, शाब्बास. अहो, हायझुंगवाल्याला फोन लावा. आत्ता."

हायझुंगवाला म्हणजे बॉयलर दुरुस्त करणारा. तो गावातच राहायचा, लगेच आला. बॉयलर बंद केला, टाकीकडची तोटी बंद केली. मग पाठीमागे टॉर्च मारला. बर्नरकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यातून थेंब थेंब पडत होता. बारीकसा. केव्हापासून, ते सांगता येईना. फरशीवर मात्र डबकं नव्हतं. पाण्याच्या ग्लासाएवढंही तेल दिसत नव्हतं.

"मग गेलं कुठे?" काकांनी विचारलं.

हायझुंगवाल्यानं खाली वाकून काकूंच्या वर्तमानपत्रांचा एक कोपरा उचलला. तो पिवळा, जड, पारदर्शक झाला होता. घोड्यांखाली, भिंतीपर्यंत, थरावर थर. चुरा पडू नये म्हणून काकूंनी जे दर वर्षी पसरलं आणि त्यावर दर वर्षी आणखी पसरलं, तेच मुकाट्यानं तेल पीत बसलं होतं. तापलेल्या बॉयलरच्या पायाशी.

हायझुंगवाल्यानं शीळ घातली. ती पुरेशी होती.

त्यानं सांधा बदलला. तासाभराचं काम. कागद बाहेर नेले. मग हात पुसत म्हणाला, "झालं. आता हा बॉयलर आणखी दहा वर्षं चालेल."

म्हणजे तेल ठेवता येत होतं. हे सगळ्यांनी ऐकलं. काकांनीही ऐकलं. ते तोंड उघडतील, "मी सांगत होतो" म्हणतील, याची स्वरूपा वाट बघत होती. पण त्यांनी नुसती काकूंसाठी खुर्ची ओढली. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस काही गोष्टी शिकतो.

यंत्र त्यांच्या फाटकाशी आलं होतं. शुक्रवारी चर बुजणार होता.

काकूंनी कुरडयांचे सगळे डबे रिकामे केले. एर्लांगेनला, न्युरेम्बर्गला फोन केले. "माझ्याकडून नेलेल्या कुरडया टाकून द्या. त्यांना तेलाचा वास लागलाय. हो, खरंच. नाही गं, तुला आला होता ना? मग बोलली का नाहीस?" पाच घरांपैकी चार घरांत वास आला होता. कुणी बोललं नव्हतं. काकूंचं नाक चुकेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आपलंच चुकलं असेल, असं प्रत्येकीनं धरलं. हे ऐकून मात्र काकू हादरल्या.

त्या रागावल्या नाहीत. फोन ठेवून त्यांनी चहा केला. काकांसमोर आणि स्वरूपासमोर कप ठेवले.

"ऐका," त्या म्हणाल्या. "अख्ख्या हिवाळ्याचं तेल आपण खाली ठेवलंय. त्याचा राखणदार कोण? माझं नाक. राखणदार म्हातारा झाला की घरात माल कमी ठेवावा."

काकांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. "म्हणजे?"

"म्हणजे गॅस."

"नीला, सांधा बदललाय. तू म्हणत असशील तर तेलच राहू दे. मी नाही काही..."

"माझ्यावर दया करू नका. मी हरले म्हणून घेत नाहीये. विचार करून घेतेय." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "फक्त कुरडयांचं काय करायचं ते मला सुचत नाही."

शेवटी त्या ते बोलल्या होत्या. इतके दिवस पाइप, पूर, सिलिंडर, तोटी. आणि सगळ्यांच्या तळाशी हे.

दुसऱ्या दिवशी हेर लिंडनर कागद घेऊन आला. काका त्याला तळघरात नेऊ लागले, बॉयलर कुठे टांगायचा ते दाखवायला. त्यानं जिन्यातच विचारलं, "तळघरातच का? टाकी नसली की बॉयलर कुठेही बसतो. बरेच लोक माळ्यावर बसवतात. धुराडं आखूड लागतं."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात लाटणं होतं.

"कुठे म्हणालात?"

"माळ्यावर. छपराखाली."

काकूंनी वर बघितलं. छपराखालचा माळा. कौलांच्या खाली. उन्हाळ्यात तिथे दोन मिनिटं उभं राहवत नाही, असं काका दर जुलैत म्हणायचे. वारा हवा तर दोन्ही टोकांना खिडक्या. पाऊस आत येत नाही, धुकं येत नाही, फ्राऊ व्यॉल्फेलच्या सूर्यफुलाच्या बिया येत नाहीत. आजवर काकू तिथे फिरकल्या नव्हत्या, कारण तो माळा काकांच्या खोक्यांनी भरला होता. जुन्या टर्बाइनची छायाचित्रं, बंद पडलेले रेडिओ, 'कधीतरी लागेल' या नावाखाली आलेली प्रत्येक वस्तू.

"अहो," काकू म्हणाल्या.

काकांनी त्या स्वरातलं सगळं ओळखलं. "नाही," ते म्हणाले. "तिथे माझं सामान आहे."

"टाक्या गेल्या की खाली अख्खी खोली रिकामी होते. लोखंडी दार असलेली. तुमच्या रेडिओंना याहून सुरक्षित जागा जर्मनीत नाही."

"पण ती थंड खोली..."

"रेडिओ वाळवायचे नसतात."

स्वरूपा भिंतीकडे तोंड करून हसली. हेर लिंडनरला पुन्हा काही कळलं नाही. पण काकूंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि चर बुजायच्या आधल्या दिवशी, त्याच जिन्यात, लाटणं काखेत धरून सही केली.

पुढच्या मेमध्ये कुरडया माळ्यावर गेल्या. घोडे तेच, साड्या त्याच. खाली वर्तमानपत्रं नव्हती. पांढरी चादर होती, काही सांडलं तर दिसावं म्हणून. कौलं तापली आणि दोन दिवसांत कुरडया वाळल्या. तळघराला चार लागायचे. काकांनी हे स्वतः मोजलं आणि स्वतःच सांगितलं, यातच सगळं आलं.

मग पूर्वेकडे, जिथून गॅस यायचा तिकडेच, युद्ध सुरू झालं आणि जर्मनीला गॅस पुरेल की नाही याची चर्चा घराघरांत शिरली. टीव्हीवर रोज सांगायचे, देशाचे गॅसचे साठे किती भरले. काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटायचं, आता नीला बोलेल. दुसऱ्याच्या नळाबद्दल, आईच्या सिलिंडरबद्दल. फ्राऊ व्यॉल्फेल तर कुंपणावरून म्हणाल्याच, "बघा, आम्ही तेलवाले!" त्याच वर्षी तेलाचा भाव ऐकून त्यांनीही कपाळाला हात लावला, ती गोष्ट वेगळी.

काकू टीव्हीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "साठा लागतोच, मी काय म्हणत होते? पण तो आता देशानं ठेवायचाय. माझ्या तळघरात नाही." त्यांनी रेडिएटर थोडे कमी केले, काकांना बार्शीहून आलेली घोंगडी दिली. हिवाळा गेला.

तेलाचा टँकर अजून जूनमध्ये येतो. गल्लीतली उरलेली घरं अजून काकूंनाच फोन करतात. गॅसवाल्या बाईनं तेल मागवायचं, यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. काळा पाइप गुलाबांमधून फ्राऊ व्यॉल्फेलकडे जातो. तो गेला की काकू त्यांच्या तळघरात उतरतात, टॉर्च घेऊन. बरोबर कुणालातरी नेतात. ज्याला त्या घराची सवय नाही, असं कुणीतरी.

त्यांच्या स्वतःच्या दारातही आता एक रीत आहे. नवा असो, जुना असो, पाहुणा आला की काकू त्याला पायपुसण्यावर थांबवतात. दार पूर्ण उघडत नाहीत.

परवा स्वरूपा आली. काखेत मुलगी, हातात सोऱ्या. काकूंनी दार अर्धं उघडलं.

"आधी सांग. वास येतोय?"

स्वरूपानं डोळे मिटले आणि नीट श्वास घेतला. काकू तिच्याकडे बघत उभ्या होत्या. कुठल्याच उत्तराची घाई नसल्यासारख्या. पण दाराची कडी त्यांनी घट्ट धरली होती.

"येतोय," स्वरूपा म्हणाली. "शिजलेल्या चिकाचा. आणि काकू, तो उतरवायला झालाय."

काकूंनी मागे वळून हवा हुंगली. मग हसल्या.

"झालाय," त्या म्हणाल्या. "चल, उतरव तूच."

आणि दार सताड उघडलं.